घरजावयाची समीक्षा

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, कादंबरीची होते, नाटकाची तर नाटक पाहण्याआधीच होते. लग्नातल्या जेवणाची समीक्षा पान वाढून होतंय न होतंय तोच सुरू होते आणि हात धुवेपर्यंत तिची दुसरी आवृत्ती निघते. पण कॉम्प्युटरचा प्रोसेसर ही एवढी घराघरात पोचलेली कलाकृती मात्र जाणत्या समीक्षेपासून आजवर वंचित राहिली आहे. तिच्याविषयी जे काही बोललं जातं ते कुस्तीच्या फडात शोभेल असं असतं. "आठ कोअर आहेत काका, आणि पाच गिगाहर्ट्झला जातो!" हे वाक्य म्हणजे एखाद्या गवयाबद्दल "छाती बेचाळीस इंच, रोज दोनशे बैठका मारतो" असं सांगण्यापैकी आहे. मारत असेल बुवा. आमचा प्रश्न एवढाच, की गातो कसा?

हा प्रश्न पडायचं कारण असं, की टीव्हीला जोडून ठेवायला एक छोटा कॉम्प्युटर घ्यावा असं आमच्या घरात ठरलं. याला 'होम थिएटर पीसी' असं भारदस्त नाव आहे. आमच्याकडे थिएटर म्हणजे एक सोफा, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पडदा ओढला तरी उन्हाची तिरीप नेमकी नायिकेच्या तोंडावर पाडणारी पश्चिमेची खिडकी. "अहो, टीव्हीतच सगळं येतं ना हल्ली?" असं सौभाग्यवतींनी रास्तपणे विचारलं. येतं. पण ते दुसऱ्यांनी पाठवलेलं येतं. आपल्याकडचं जे आहे, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटींवरून उतरवून घेतलेली लग्नं, मुंजी, गणपतीतली नाटकं आणि तीस वर्षांत साठवलेले सिनेमे, ते टीव्हीला दाखवलं की तो कधी चित्र देतो आणि आवाज देत नाही, कधी आवाज देतो आणि चित्र देत नाही. कधी नुसताच 'फाइल ओळखता येत नाही' म्हणून मोकळा होतो. दूरचे नातेवाईक वागतात तसा.

आता या कॉम्प्युटरला चित्र काढणारा कुणीतरी लागतो. त्याचे दोन प्रकार. एक म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. ह्याचं बिऱ्हाड वेगळं, मेमरी स्वतःची, पंखे स्वतःचे, विजेचा खर्च मात्र आपला. दुसरा म्हणजे इंटिग्रेटेड ग्राफिक्स. हा प्रोसेसरच्याच पोटात राहतो, त्याच्याच रॅममधलं जेवतो आणि वेगळं काही मागत नाही. थोडक्यात, घरजावई. पूर्वी हा मदरबोर्डवरच्या दुसऱ्याच एका चिपमध्ये, म्हणजे शेजारच्या वाड्यात राहत असे. २०१० साली इंटेलनं त्याला प्रोसेसरच्या आवारात आणलं आणि २०११ मध्ये एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवलं. एएमडीनं तर २००६ साली ग्राफिक्स बनवणारी एटीआय ही अख्खी कंपनीच विकत घेतली आणि २०११ मध्ये आपला जावई घरात घेतला. जावयासाठी सगळं व्याह्यांचं घर विकत घेतल्याचं उदाहरण आमच्या ज्ञातीत तरी नाही.

घरजावयाला समाजात मान नसतो, हे सांगायला नको. आमच्या पुतण्यानं तर इंटिग्रेटेड हा शब्द ऐकूनच तोंड वाकडं केलं. "काका, त्यावर एक धड गेम चालत नाही." खरंच आहे. पण मी सोफ्यावर बसून बंदुका चालवणार नव्हतो. मला एक जुना सिनेमा बघता बघता झोपायचं होतं. बाजारातली सगळी समीक्षा गेम खेळणाऱ्यांनी लिहिलेली आणि गुण दिलेले ते धावण्याच्या शर्यतीचे, ही या क्षेत्राची मूळ व्यथा आहे. ती बाजूला ठेवून मी माझ्यापुरते तीन निकष ठरवले: भाषा, ताल आणि मौन.

त्याआधी जावई घरात आहे की नाही एवढं पाहून घ्यावं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नाही असं समजावं. एएमडीच्या जुन्या रायझन मंडळींत साधारणपणे 'जी' असेल तरच ते आहे असं समजावं. २०२२ च्या ७००० मालिकेपासून मात्र बहुतेकांच्या घरी एक किरकोळ प्रकृतीचा जावई असतोच. आमच्या शेजाऱ्यांनी स्वस्त पडतो म्हणून 'एफ'वाला आणला, सत्यनारायण करावा तशा थाटात बटण दाबलं आणि दोन तास काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. शेवटी "हा समांतर सिनेमा असेल" म्हणून घरची माणसं उठून गेली.

आता पहिला निकष, भाषा. सिनेमा फाइलमध्ये आहे तसा भरत नाहीत. त्याचं गाठोडं बांधतात. गाठोडं बांधण्याच्या पद्धतीही पिढीपिढीनं बदलतात. एच. २६४ ही पद्धत आली २००३ साली, तिच्याहून आटोपशीर एचईव्हीसी २०१३ साली, आणि एव्ही-वन २०१८ साली. ग्राफिक्सच्या भागात एक छोटा कारकून बसलेला असतो. त्याचं काम एकच: गाठोडं सोडणं. त्याला ती गाठ येत असेल तर तो जांभई देत सोडतो. येत नसेल तर अख्ख्या प्रोसेसरला उठावं लागतं आणि सगळे कोअर मिळून दातांनी गाठ सोडवत बसतात. सुटते, पण घर तापतं.

इथे खरी गंमत आहे. २०२१ चा रायझन ५ ५६००जी घ्या. सहा कोअर, पासष्ट वॅट, एकूण प्रकृती उत्तम. पण त्याच्या कारकुनाला एव्ही-वनची गाठ येत नाही. उलट २०२३ साली आलेला इंटेलचा एन-१०० पाहा. चारच कोअर, तेही काटकुळे, आणि सहा वॅटवर गुजराण. म्हणजे देवघरातल्या दिव्यापेक्षा फार जास्त नव्हे. पण त्याला तिन्ही गाठी येतात. पैलवानाला मोडी वाचता येत नाही आणि ग्रामपंचायतीतल्या दम्याच्या कारकुनाला येते, तशातला हा प्रकार. सातबारा वाचायचा असेल तर कुणाकडे जावं हे आपल्याकडे शेंबडं पोर सांगेल. प्रोसेसर घेताना मात्र आपण दंड दाबून बघतो.

दुसरा निकष, ताल. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो हे आपण ऐकून असतो. टीव्हीचा पडदा मात्र बहुधा सेकंदाला साठ वेळा उजळतो. साठाला चोवीसनं पूर्ण भाग जात नाही. मग एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा दाखवून वेळ मारून नेतात. कॅमेरा डोंगररांगेवरून हळूच फिरू लागला की डोंगर आगगाडीच्या डब्यासारखे हिसके देतात ते यामुळे. म्हणून पडदा चोवीसवरच चालवता आला पाहिजे. त्यातही पाचर आहे. १९५३ साली अमेरिकेनं रंगीत टीव्हीसाठी आपला वेग हजारात एकानं कमी केला. त्या पायी आज आपल्या हाती येणारे पुष्कळ सिनेमे चोवीसचे नसून तेवीस पूर्णांक नऊशे शहात्तर सहस्रांशांचे असतात. २०१० आणि २०११ च्या इंटेलच्या घरजावयांना हा अपूर्णांक नेमका साधत नसे. त्यांनी सरळ चोवीस धरले, की सुमारे दर बेचाळीस सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवून ते हिशेब जुळवीत. २०१३ च्या चौथ्या पिढीत ही खोड गेली.

"एवढ्याशा फरकाचा एवढा बाऊ?" असं तुम्ही विचाराल. विचारा. दूरदर्शनवर आपण रविवारी संध्याकाळी जे सिनेमे पाहिले ते पंचवीसच्या वेगानं पाहिले. कारण आपली टीव्हीची पद्धतच पंचवीसची होती. दीडशे मिनिटांचा सिनेमा एकशे चव्वेचाळीस मिनिटांत उरकत असे. नायकाचं रडणं आणि नायिकेचं गाणं किंचित वरच्या पट्टीत होत असे. कुणाचं काही बिघडलं नाही. मला वाटतं, तालाचं मर्म इथेच आहे. गवयानं लय जराशी चढी धरली तर श्रोता तक्रार करीत नाही. पण दर बेचाळीस सेकंदांनी त्यानं एक मात्रा खाल्ली तर श्रोत्याला काय चुकलं ते कळत नाही, फक्त गाण्यात मन लागत नाही. न कळणाऱ्या दोषांचीच समीक्षा अधिक करावी लागते.

तिसरा निकष मौन. याबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे.

१९८९ च्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीनं एक एकांकिका बसवली होती. भाड्यानं आणलेल्या कॅमेऱ्यानं कुणीतरी ती उतरवली. तीत आमच्या आईनं आजीचं काम केलं होतं. तिला एकूण चार वाक्यं. त्यातलं शेवटचं वाक्य ती प्रेक्षकांकडे न बघता, पाठ करून, हळूच म्हणते. दिग्दर्शकानं "मोठ्यानं बोला वहिनी" असं तालमीत पन्नासदा सांगितलं असेल. पण बाईनं ऐकलं नाही. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली, आणि तिच्या आवाजाचं आमच्याकडे तेवढंच काय ते शिल्लक आहे.

ती कॅसेट आम्ही फाइलमध्ये उतरवून घेतली आणि पुतण्याच्या त्या प्रचंड कॉम्प्युटरवर लावली. आधी चित्राचीच पंचाईत. त्या काळचा व्हिडिओ पूर्ण चित्र कधी देतच नसे. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं द्यायचा, एकदा विषम ओळी, एकदा सम. ते तुकडे नीट सांधले नाहीत तर माणूस हलला की त्याच्या अंगावरून कंगवा फिरवल्यासारख्या रेघा उमटतात. आई वळली ती कंगव्याच्या दातांतून वळली. मग ते वाक्य आलं. पण त्याच वेळी कॉम्प्युटरला काय जोर चढला कोण जाणे, त्याचे पाच पंखे एकदम सुरू झाले. पिठाच्या गिरणीत कुणी कानगोष्ट करावी तसं ते वाक्य विरून गेलं. "हेडफोन लावा ना काका," पुतण्या म्हणाला. मुलगा गुणी आहे. पण घरातली आठ माणसं एका हेडफोनला कशी लावायची?

पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या एका निवृत्त इंजिनिअरांनी आपला डबा एका रात्रीपुरता दिला. डबाच तो, पोळीच्या डब्याएवढा. आत एन-१००, आणि पंखा मुळी नाहीच. उष्णता बाहेर टाकायला वरती नुसते धातूचे पन्हाळे. सहा वॅटवाल्याला पंखा लागतो कशाला? त्यांनी प्लेअरमध्ये अर्धी चित्रं सांधायची सोय चालू केली, जी त्या घरजावयाला उत्तम जमते, आणि फाइल लावली. आई वळली. रेघ नाही. ते वाक्य आलं आणि सगळ्यांना ऐकू आलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "सासूबाई मोठ्यानं बोलल्या असत्या तर नाटक पडलं असतं." सदतीस कोअरवाल्या प्रोसेसरनं सुद्धा याहून नेमकं समीक्षण केलं नसतं.

न्यायबुद्धीनं चार गोष्टी दुसऱ्या बाजूच्याही सांगतो. घरात कुणी गेम खेळणारं असेल किंवा व्हिडिओची कापाकापी करणारं असेल, तर एन-१०० त्यांच्यापुढे हात टेकतो. अशांनी २०२४ चा रायझन ८६००जी पाहावा. त्याचा घरजावई तरणाबांड आहे आणि त्याला एव्ही-वनही येतं. मात्र त्याला रॅमच्या दोन पट्ट्या द्याव्यात. एकाच ताटात सासऱ्याबरोबर जेवायला बसवलं तर जावई उपाशी राहतो. एन-१०० ला कंपनीनं ताटच एक दिलं आहे, पण सिनेमापुरतं त्याचं भागतं. मदरबोर्डचं दारही बघावं. ते जुन्या एचडीएमआय १.४ चं असेल तर ४के चित्र सेकंदाला तीसवर अडतं, साठला २.० लागतं. आणि पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचं ४के हे कुलूपकिल्लीचं प्रकरण आहे. तिथे बऱ्याचदा टीव्हीतलं ॲपच बरं पडतं. नव्याला सगळंच येतं असंही नाही. ४के ब्ल्यू-रे तबकडीला जी कुलूपव्यवस्था लागे ती इंटेलनं घरगुती प्रोसेसरांतून अकराव्या पिढीपासून काढूनच टाकली. शहाणी सून आली आणि पुरणपोळी गेली, तसंच हे.

तेव्हा दुकानात जाताना पुतण्याला नेऊ नका, पेन ड्राइव्ह न्या. त्यात तीन नमुने ठेवा: एक एव्ही-वनची फाइल, एक कॅमेरा सावकाश फिरणारा प्रसंग आणि एक आपल्या घरची जुनी कॅसेट. पहिल्यानं भाषा कळेल, दुसऱ्यानं ताल. तिसऱ्या वेळी डब्याला कान लावा. दुकानदार चमत्कारिक नजरेनं बघेल, बघू द्या. समीक्षकाकडे सगळेच तसं बघतात.

आम्ही तसला पोळीच्या डब्याएवढा डबा घेतला. पाहुणे येतात, टीव्ही बघतात आणि विचारतात, "तो तुमचा कॉम्प्युटर कुठाय?" घरजावयाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुणी दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.