रानातल्या माणसास पत्र

विरहाची गोष्ट निघाली की आपण थेट मेघदूताकडे धाव घेतो. त्यातला रामगिरी म्हणजे आपले रामटेक, तेव्हा हा अभिमान रास्तही आहे. परंतु त्या काव्यात बोलतो तो रानात अडकलेला यक्ष. अलकेत राहिलेली यक्षिणी मात्र त्याला एक अक्षर धाडीत नाही. शंभराहून अधिक श्लोकांत प्रत्यक्ष निरोप येतो तो अगदी शेवटी, आणि त्याला उत्तर नाही. रानात गेलेल्या माणसाला घरून काय लिहावे, हे कालिदासाकडून शिकता येत नाही.

त्यासाठी हाल सातवाहनाच्या नावावरील गाथासप्तशतीकडे, म्हणजे आमच्या शेजारच्या पैठणाकडे, यावे लागते. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे गाथांत वाटसरूंच्या बायका पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांतली एक नवरा गेल्याचे दिवस मोजायला भिंतीवर रेघा ओढते, आणि पहिलाच दिवस अर्धा सरतो न सरतो तोच भिंत भरून जाते. मराठी मुलखातले सर्वांत जुने पत्र मी यालाच म्हणतो. अक्षर नाही, पत्ता नाही, उसासे नाहीत. नुसता हिशेब, आणि तोही चुकलेला!

पण गाथेतला पथिक एकटा जातो. मांजरसुंब्याच्या चौफुलीवर ही चौकटच मोडते. दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोडीच्या टोळ्या चूल-भांड्यांसकट सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात. नवराबायकोच्या जोडीला मिळून म्हणायचे ‘कोयता’. पाचसहा महिने उसाचा फड आणि पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोप. प्रियकर-प्रेयसी एकाच कोपीत, आणि ताटातूट झालेली ती बालाघाटच्या वाड्यांवर राहिलेल्या आज्यांची, शाळकरी लेकरांची! शृंगारावर पोसलेल्या आपल्या टीकेजवळ हे दुःख मोजायला मापच नाही.

जात्यावरच्या ओवीजवळ ते आहे. तेथे आई दूरच्या लेकाविषयी बोलते, बहीण भावाविषयी. दळताना हात गुंतलेले, लिहिता येत नाही, तरी मजकूर तयार होतो. उत्तम ओवी आपले रडगाणे फारसे गात नाही. ती दारचे, शेताचे, गुरावासराचे सांगते. परमुलखातल्या माणसाला घर हवे असते, ते ती थोडथोडे पोचवते. हा संयम मला यक्षाच्या वाग्विलासाहून वरचढ वाटतो, पंडितांनी रागवावे.

माझी तक्रार आहे ती संग्राहकांकडे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचे मोठे धन जमवले, पण ते नात्यांच्या आणि विषयांच्या कप्प्यांत लावले. वाचायला सोयीचे, खरे. परंतु पत्र हाती आले आणि पाकीट हरवले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आमच्या जिल्ह्यातील माजलगावच्या बायकाही त्यांत आहेत. गाणारीचे नाव आणि गाव त्यांनी जपले, हे उपकार थोर. म्हणजे धाडणारणीचा पत्ता मिळाला. ही ओवी म्हटली तेव्हा कोण बाहेर होते, कोणत्या रानात, हेही आता ओवीओवीला विचारले पाहिजे. घरोघरी पिठाच्या गिरणीने जाते बंद पाडले, पण ओव्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यासाठी टोळ्या परतायची वाट पाहायला नको. आज्या घरीच आहेत.