काळ्या मोत्याचे मोल

काही माणसांच्या वाट्यास कीर्ती येते, पण न्याय येत नाही. कॅसाब्लांका शहरचा फुटबॉलपटू लार्बी बेन बारेक हा त्यांपैकी एक होय. त्याच्यावरील कोणताही लेख उघडावा, तीन गोष्टी त्यात हटकून सापडतात. पहिली, त्यास मिळालेले ‘काळा मोती’ हे उपनाव. दुसरी, १९४८ मध्ये तो पॅरिस सोडून माद्रिदला निघाला तेव्हा कोणा फ्रेंच लेखकाने काढले म्हणून सांगितले जाणारे उद्गार : आयफेल मनोरा विका, विजयकमान विका, पण बेन बारेकला विकू नका. तिसरी, ब्राझीलच्या पेलेच्या तोंडी घातले जाणारे वाक्य, की मी फुटबॉलचा राजा असेन, तर बेन बारेक हा त्याचा देव आहे. ही तीन प्रशस्तिपत्रे सादर झाली की लेखकाची लेखणी विसावते आणि वाचकही समाधान पावतो. आमचे म्हणणे असे, की या प्रशस्तींनीच बेन बारेकला आपल्या दृष्टीआड केले आहे.

मोती हा दागिना आहे. तो शिंपल्यातून काढतात, तोलतात, विकतात. आणि ज्याच्या गळ्यात पडेल त्याची शोभा तो वाढवितो. मोत्यास स्वतःची इच्छा अशी काही नसते. ‘विकू नका’ म्हणणारा रसिकही बेन बारेकला मनोरे आणि कमानी यांच्याच यादीत बसवितो, म्हणजे मालमत्तेच्या यादीत. राहता राहिले पेलेचे वाक्य. पेलेचा जन्म १९४० सालचा, आणि बेन बारेकच्या ऐन बहराची वर्षे युरोपात गेली ती पेले ब्राझीलमध्ये बाळपणी खेळत असताना. ते वाक्य खरे मानले तरी ती ऐकीव भक्ती ठरते. तिला परीक्षण म्हणता येत नाही. तेव्हा प्रशस्ती बाजूस सारून त्याच्या कारकीर्दीकडेच पाहिले पाहिजे.

गरिबीत वाढलेला हा मुलगा कॅसाब्लांकाच्या मैदानांवर तयार झाला आणि १९३८ मध्ये मार्सेय येथील प्रसिद्ध संघाने त्यास समुद्रापलीकडे नेले. त्याच वर्षी, ४ डिसेंबर रोजी, तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून प्रथम खेळला. सामना नेपल्स येथे, इटलीविरुद्ध होता. इटली त्या वर्षीचा जगज्जेता संघ. आणि त्याच वर्षी तेथील फॅसिस्ट सरकारने वंशभेदाचे कायदे केले होते. फ्रान्स एका गोलाने हरला. प्रेक्षकांनी या कृष्णवर्णी खेळाडूची हेटाळणी केली, तेव्हा त्याने फ्रान्सचे राष्ट्रगीत अधिकच मोठ्याने म्हटले, असे सांगतात. फ्रेंच लेखकांस हा प्रसंग मोठा प्रिय आहे. परंतु ज्या सत्तेचे ते गीत, तिच्याच अमलाखाली गायकाची मातृभूमी होती, ही गोष्ट त्या कथेत सहसा येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. राज्यकर्त्यांच्या झेंड्याखाली खेळलेल्या माणसाचा गौरव त्याच्या देशबांधवांनी का करावा? आक्षेप वजनदार आहे, पण तो करण्यापूर्वी त्याच्यापुढे दुसरा मार्ग होता काय, हे पाहावे. मोरोक्को १९१२ पासून १९५६ पर्यंत परकीय संरक्षणाखाली होता. जागतिक फुटबॉल संघटनेत त्या देशास प्रवेश मिळाला तो १९६० मध्ये. म्हणजे बेन बारेकच्या साऱ्या उमेदीच्या काळात, ज्यासाठी त्याने खेळावे असा मोरोक्कोचा राष्ट्रीय संघच नव्हता. जे घर अद्याप बांधलेलेच नाही त्याचा उंबरा ओलांडला, असा दोष कोणावर ठेवावा?

काळानेही त्याच्याशी वैरच केले. तो युरोपात येऊन वर्ष उलटते न उलटते तोच महायुद्ध पेटले आणि त्यास मायदेशी परतावे लागले. जी वर्षे खेळाडूची सर्वांत मोलाची, ती अशी गेली. १९३८ ची विश्वस्पर्धा त्याच्या राष्ट्रीय पदार्पणापूर्वीच आटोपली होती. १९४२ व १९४६ च्या स्पर्धा भरल्याच नाहीत. १९५० मध्ये फ्रान्सने भाग घेतला नाही. आणि १९५४ च्या संघात त्यास स्थान मिळाले नाही. विश्वस्पर्धेच्या इतिहासात त्याचे नाव नाही, ते या कारणाने. कॅसाब्लांकाच्या ज्या संघातून तो खेळला, त्याच संघातून पुढे माराकेशमध्ये जन्मलेला जुस्त फोंतेन फ्रान्सला गेला आणि १९५८ च्या एकाच स्पर्धेत १३ गोल करून अमर झाला. फोंतेनचे यश अस्सलच होते. पण कीर्ती गुणावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती वेळेवरही असते, हे या दोघांकडे पाहून पटते.

मग त्याच्या गुणांची साक्ष कोठे शोधावी? आमच्या मते ती माद्रिदमध्ये. युद्धानंतर पॅरिसच्या संघात त्यास एलेनिओ हेरेरा हा शिक्षक लाभला. हेरेरा जन्माने अर्जेंटिनाचा, पण वाढलेला कॅसाब्लांकातच. १९४८ मध्ये बेन बारेक अॅटलेटिको माद्रिदकडे गेला, पुढच्या वर्षी हेरेराही तेथेच आला, आणि १९५० व १९५१ अशी लागोपाठ दोन वर्षे तो संघ स्पेनचा विजेता ठरला. तेथील पाच आघाडीवीरांस लोक ‘स्फटिकाची आघाडी’ म्हणत. बेन बारेकचे स्थान या पाचांत टोकाचा आणि मधला यांच्यामध्ये होते. हे काम मोठे अवघड. मागून आलेला चेंडू पुढे न्यावयाचा, प्रतिस्पर्ध्यास हुलकावणी द्यावयाची, दुसऱ्यासाठी वाट मोकळी करावयाची, आणि संधी दिसताच स्वतः गोलही करावयाचा. गवई आणि साथीदार या दोन्ही भूमिका एकाच माणसाने वठवाव्यात, तसे ते आहे. तिशी उलटून गेलेल्या, तीन देशांतील मैदाने तुडविलेल्या माणसाने परक्या भाषेच्या लोकांत मिसळून हे साधले. मोती नुसता चमकतो. हा माणूस विचार करीत होता.

फ्रान्सतर्फे तो एकंदर १७ सामने खेळला. पहिल्या व अखेरच्या सामन्यात जवळजवळ सोळा वर्षांचे अंतर आहे. इतकी दीर्घ कारकीर्द फ्रान्सच्या संघात दुसऱ्या कोणाची नाही, असे अभिमानाने सांगण्यात येते. पण भागाकार करून पाहावा : वर्षाकाठी सरासरी एकच सामना! या विक्रमात गौरव आहे, तशीच कबुलीही आहे. युद्धाचा हिशेब वजा केला तरी, माद्रिदमधील वैभवाच्या काळात फ्रान्सला त्याची आठवण जवळजवळ झालीच नाही.

ती आठवण झाली एका आपत्तीमुळे. १९५४ च्या सप्टेंबरात अल्जीरियातील ऑर्लेआंव्हिल येथे भूकंप झाला. आपद्ग्रस्तांच्या साहाय्यार्थ ७ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये उत्तर आफ्रिकेच्या खेळाडूंचा संघ फ्रान्सविरुद्ध उतरला, आणि त्याने फ्रान्सला ३-२ असे हरविले. चाळिशीच्या उंबरठ्यावरील बेन बारेक त्या दिवशी असा खेळला, की नऊ दिवसांनी जर्मनीविरुद्धच्या सामन्यासाठी फ्रान्सने त्यास परत बोलाविले. हॅनोव्हर येथील त्या सामन्यात दुखापत होऊन तो अर्ध्या वेळेपूर्वीच बाहेर पडला. आपल्या माणसांच्या बाजूने उभे राहून यजमानांस हरविले, तेव्हा कोठे यजमानांनी त्यास पुन्हा ओळखले. त्याच्या साऱ्या आयुष्याचे सार या दहा दिवसांत आले आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर १९५७ मध्ये मोरोक्कोच्या राष्ट्रीय संघास शिकविण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यानंतर मात्र तो लोकांच्या स्मरणातून हळूहळू दूर गेला. १९९२ च्या सप्टेंबरात कॅसाब्लांकातील राहत्या घरी तो मृतावस्थेत आढळला. मृत्यू काही दिवस आधीच झाला होता. जवळ कोणी नव्हते. १९९८ मध्ये जागतिक संघटनेने त्यास मरणोत्तर सन्मान दिला, आणि त्याच्या गावच्या एका क्रीडांगणास आज त्याचे नाव आहे. ज्याला विकू नका म्हणून हळहळले, त्याची वास्तपुस्त मात्र कोणी केली नाही.

१० डिसेंबर १९२२ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या, २०२२ च्या त्याच दिवशी कतार येथे फेझ शहरी जन्मलेल्या युसेफ एन-नेसिरीने उंच उडी घेऊन डोक्याने चेंडू मारला, पोर्तुगालला हरविले, आणि मोरोक्को विश्वस्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेला. तोही परदेशीच, स्पेनमध्ये, खेळत होता. पण त्याच्या अंगावर स्वदेशाचा वेष होता. त्या फेरीत गाठ पडली ती फ्रान्सशी, आणि मोरोक्को हरला. परंतु हरला तो आपल्या नावाने. बेन बारेकला हे एवढेच भाग्य लाभले नाही. म्हणून त्याला मोती म्हणणे आता पुरे करावे. तो आपला देश उभा राहण्याआधी जन्मलेला एक थोर खेळाडू होता, एवढे म्हटले तरी त्याला न्याय मिळेल.