एकच बाहुली मोठी का होते?

डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करण्याची शालेय पुस्तकांची पद्धत जुनी आहे. उजेडात बाहुली आकसते, अंधारात विस्फारते, एवढे सांगून धडा पुढे सरकतो. या उपमेवर आमचा आक्षेप आहे. बुबुळात दोन स्नायूंची ओढाताण सतत चालू असते. वर्तुळाकार स्नायू बाहुली लहान करतो. त्याला आज्ञा परानुकंपी चेतातंतूंकडून मिळते. अरीय स्नायू ती मोठी करतो. त्याची सूत्रे अनुकंपी तंतूंकडे असतात.

समजा, वर्गातल्या एका मुलीची एकच बाहुली अचानक मोठी झाली. आता कॅमेरा काय सांगणार? उजेड तर दोन्ही डोळ्यांवर सारखाच आहे!

अर्धशिशीच्या काही रुग्णांत असे घडते. काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी, बाहुली आपोआप पूर्ववत होते. १९९५ साली जेकबसन या नेत्रतज्ज्ञाने अशा २४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. काहींत आकसवणारा स्नायू ढिला पडला होता, तर काहींत ताणणाऱ्याचा जोर वाढला होता. म्हणजे दिसणारी गोष्ट एक, कारणे दोन. दोन स्नायू ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला हे उमगणार कसे?

कोणती बाहुली बिघडली, हे ओळखण्याची युक्ती वर्गातही समजावता येईल. दोन्ही बाहुल्यांतला फरक भर उजेडात वाढला, तर मोठी बाहुली आकसत नाही. अंधारात वाढला, तर लहान बाहुली विस्फारत नाही.

मात्र प्रत्येक मोठ्या बाहुलीचे खापर अर्धशिशीवर फोडणेही चुकीचे. धोतऱ्याचा रस लागलेले बोट डोळ्याला लागले, तरी त्यातल्या ॲट्रोपिनसारख्या द्रव्यांमुळे तेच होते. (आपल्याकडे धोतरा कुंपणाकुंपणाला असतो, पण हा प्रयोग कोणी करू नये.) पापणी खाली पडली, एकाचे दोन दिसू लागले आणि डोके असह्य दुखू लागले, तर मेंदूच्या रोहिणीला आलेला फुगा तिसऱ्या मस्तिष्कचेतेवर दाब देत असू शकतो. तेव्हा घरगुती उपाय नकोत, तडक रुग्णालय गाठावे. खुद्द वैद्यकातही नावाने घोटाळा केलाच होता. हीच चेता वारंवार लुळी पडण्याला अर्धशिशीचा प्रकार मानत. २००४ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने तो अर्धशिशीतून वगळला.

आणि सुमारे पाचांत एका निरोगी माणसाच्या बाहुल्यांत थोडा फरक मुळातच असतो, सहसा एक मिलिमीटरहून कमी. इतर काही त्रास नसेल, तर आधी मुलीचा जुना फोटो काढून पाहावा.