पडद्यामागचा प्रकाश : एका आकृतीतील उणीव

द्रवस्फटिकाचा पडदा, म्हणजेच एलसीडी, कसा चालतो हे समजावून देणारी एक आकृती विज्ञानाच्या पुस्तकांत आणि सचित्र कोशांत हमखास भेटते. दोन ध्रुवक, त्यांच्यामध्ये पीळ घेतलेल्या रेणूंचा थर, पुढे लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या गाळण्या. आणि एका बाजूने येणारे तीन-चार सरळ, समांतर, सारख्या लांबीचे बाण. बाणांपाशी एकच शब्द लिहिलेला असतो : ‘प्रकाश’. ध्रुवक आणि द्रवस्फटिक यांचे काम ही आकृती चांगले समजावते. आक्षेप आहे तो त्या बाणांना. संपूर्ण पडद्यामागे सारखाच प्रकाश आयता मिळतो असे ते गृहीत धरतात. प्रत्यक्षात असा प्रकाश मुद्दाम घडवावा लागतो, आणि तो कसा घडवतात हे शालेय भौतिकशास्त्राच्या आवाक्यातले आहे.

हे गृहीतक कोठून आले असावे? पीळदार रेणूंच्या या पडद्याचे तत्त्व शाड्ट आणि हेल्फ्रिश यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे तो घड्याळांत आणि कॅल्क्युलेटरांत आला. तेथे पडद्यामागे फक्त परावर्तक असे. खोलीतला प्रकाश आत जाई आणि परत येई. प्रकाश फुकट मिळत होता, तेव्हा त्याचा विचार आकृतीत न करणे क्षम्य होते. पण लॅपटॉप, दूरदर्शन संच आणि मोबाइल यांचे रंगीत पडदे समजावतानाही तीच आकृती, मागे चार बाण जोडून, वापरली गेली.

याचा परिणाम वर्गात दिसतो. द्रवस्फटिक स्वतःच उजळतो, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. त्यात ‘एलईडी टीव्ही’ या बाजारी नावाची भर पडते. अशा नावाने विकले गेलेले बहुतेक घरगुती संच एलसीडीच असतात. पूर्वी त्यांच्या पडद्यामागे पाऱ्याची वाफ असलेल्या बारीक नळ्या असत, त्या जागी एलईडी आले, एवढाच बदल. चित्र अजूनही द्रवस्फटिकच घडवतो. जेथे प्रत्येक ठिपका स्वतः एलईडी असतो असे पडदे म्हणजे मैदानांवरचे प्रचंड फलक. ओएलईडीचे ठिपकेही स्वयंप्रकाशी असतात, म्हणून त्यांना मागून प्रकाश लागत नाही. फरक ओळखायचा असेल तर रात्री खोलीतले दिवे मालवून एलसीडीवर पूर्ण काळे चित्र आणावे. पडदा किंचित राखाडी दिसतो, कारण बंद ‘झडपां’मधूनही मागचा प्रकाश थोडा झिरपतो.

आता मूळ प्रश्न. एलईडी म्हणजे प्रकाशाचा जवळजवळ बिंदू. मोबाइलमध्ये असे मोजके बिंदू पडद्याच्या एका कडेला ओळीने बसवलेले असतात. त्यांच्यापासून साऱ्या पडद्यावर सारखा प्रकाश कसा पसरायचा?

यासाठी पडद्यामागे पारदर्शक प्लॅस्टिकची, बहुधा ॲक्रिलिकची, पातळ शीट असते. तिला लाइट गाइड म्हणतात. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९, म्हणून क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश. कडेतून आत शिरलेला किरण कडेच्या लंबाशी जास्तीत जास्त ४२ अंशांचा कोन करू शकतो. म्हणजे शीटच्या वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागावर तो लंबाशी किमान ४८ अंशांचा कोन करून आदळतो. हा कोन क्रांतिक कोनाहून मोठा असल्याने पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि किरण आतच अडकतो. त्याला बाहेर काढण्यासाठी शीटच्या मागच्या बाजूवर पांढऱ्या शाईचे ठिपके छापतात किंवा सूक्ष्म खळगे करतात. तेथे किरणांची दिशा बदलते आणि काही किरण समोरून बाहेर पडतात.

ठिपके सर्वत्र सारखे ठेवले तर काय होईल? शीटचे दहा समान पट्टे कल्पू या आणि कडेतून १०० एकक प्रकाश सोडू या. प्रत्येक पट्टा आपल्यापर्यंत आलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्सा बाहेर काढतो असे मानले, तर पहिल्या पट्ट्यातून १० एकक निघतील, दुसऱ्यातून ९, तिसऱ्यातून ८.१, आणि दहाव्यातून जेमतेम ३.९. शिवाय सुमारे ३५ एकक पलीकडच्या कडेपर्यंत तसेच जातील. प्रत्येक पट्ट्यातून १०च एकक हवे असतील, तर पहिल्याने आलेल्या प्रकाशाचा १/१० भाग काढावा, दुसऱ्याने उरलेल्याचा १/९, तिसऱ्याने १/८, आणि शेवटच्याने सगळाच. म्हणून दिव्यांजवळ ठिपके लहान व विरळ असतात; दूर जावे तसे ते मोठे किंवा दाट होत जातात. प्रत्यक्षात मागच्या पांढऱ्या परावर्तकामुळे आणि कडांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो, पण त्याचा गाभा हाच.

हे वर्गात दाखवता येते. नामफलक करणाऱ्या दुकानातून ॲक्रिलिकचा लांबट तुकडा आणावा. एका टोकाला एलईडी टॉर्च धरावी आणि टॉर्चभोवतीचा प्रकाश काळ्या कागदाने अडवावा. एका बाजूवर व्हाइटनरचे सारखे ठिपके सारख्या अंतरावर द्यावेत आणि दुसऱ्या बाजूने अंधारात पाहावे. दूरचे ठिपके मंद दिसतील. मग दूरच्या टोकाकडे ठिपक्यांची दाटी वाढवून, बटर पेपर थोड्या अंतरावर धरून पुन्हा पाहावे.

बटर पेपरची जागा खऱ्या पडद्यात विसरक पडदी घेते. तिच्या जोडीला बारीक लोलकांच्या पडद्या असतात. त्या नवा प्रकाश निर्माण करत नाहीत. तिरपा जाणारा प्रकाश वळवून समोर पाठवतात. त्यामुळे समोरून पडदा अधिक उजळ दिसतो, पण बाजूने पाहणाऱ्याच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. मोठ्या संचांत अनेकदा एलईडी पडद्याच्या थेट मागे पसरलेले असतात व प्रत्येकावर प्रकाश फाकवणारे छोटे भिंग असते. अशा संचाच्या पडद्यावर झगझगीत पांढरा डाग उमटला, तर अनेकदा ते भिंग निसटलेले असते.

‘सारखा’ म्हणजे तरी किती सारखा? कारखान्यात पडद्यावरच्या ठरावीक जागी, बहुधा नऊ ठिकाणी, तेजस्विता मोजतात आणि किमान आकड्याला कमाल आकड्याने भागतात. हा आकडा उपयोगी असला तरी अपुरा आहे. मध्यापासून कडेपर्यंत तेजस्विता हळूहळू बरीच घटली तरी डोळ्याला ते सहसा कळत नाही. उलट अगदी फिका, पण धारदार कडेचा डाग लगेच खुपतो. अशा डागांना या उद्योगात ‘मुरा’ म्हणतात. हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ असमानता.

हे सारे तंत्रज्ञान झाले, विज्ञानाच्या पुस्तकात त्याला जागा कशाला, असे कोणी म्हणेल. पण पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवताना आपण हिरा, मृगजळ आणि प्रकाशतंतू यांपाशी थांबतो, आणि विद्यार्थी रोज हाताळतो तो पडदा उदाहरणांच्या यादीत नसतो. विजेचा प्रश्नही यातच आहे. ध्रुवक निम्म्याहून अधिक प्रकाश शोषतो, रंगगाळण्या उरलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश. शेवटी मागून निघालेल्या प्रकाशापैकी साधारण ५ ते १० टक्केच डोळ्यापर्यंत येतो. अशा पडद्याची उजळता वाढवली की मोबाइलची बॅटरी लवकर का उतरते, याचे उत्तर त्या चार बाणांतून मिळत नाही.

म्हणून सूचना साधी आहे. जुन्या आकृतीतले बाण खोडून तेथे कडेचा एलईडी, शीट आणि दाट होत जाणारे ठिपके काढावेत. एवढा बदल फळ्यावर आजही करता येईल. आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्यावा : एलईडी शीटच्या दोन्ही कडांना असतील, तर ठिपके सर्वांत दाट कोठे हवेत, आणि का?