ज्याला पत्र, तोच पात्र

अरबी लिखित गद्य घडले ते दरबारी चिटणिसांच्या हातून. शेवटचा उमय्यद खलिफा दुसरा मरवान याचा चिटणीस अब्द अल्-हमीद (मृत्यू 750) याने युवराजाला उपदेश केला तो पत्रातून आणि शिकारीचे वर्णनही केले ते पत्रातूनच. ‘रिसाला’ या शब्दात पत्र आणि प्रबंध दोन्ही मावतात. गोष्ट मात्र या घरात सहजी आली नाही. पंचतंत्राच्या पहलवी अवतारावरून ‘कलीला व दिम्ना’ अरबीत आणणारा इब्न अल्-मुकफ्फा गोष्टींचा केवढा जाणकार! पण खलिफा अल्-मन्सूरला लिहिलेल्या रिसाल्यात त्याने त्या गोष्टींतल्या करटक-दमनक या कोल्ह्यांना उंबरठ्याबाहेरच ठेवले. तिथे सैन्याची शिस्त, काझींचे एकमेकांशी न जुळणारे निकाल, असे राज्यकारभाराचेच बोलणे.

गोष्ट पत्रात ठाण मांडून बसली ती बसऱ्याच्या अल्-जाहिजकडे, नवव्या शतकात. त्याचे कंजुषांवरचे पुस्तक कुणीतरी केलेल्या विनंतीला उत्तर म्हणून सुरू होते. आपल्या बखरींच्या वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. लगेच सह्ल इब्न हारून या लेखकाचे पत्र येते: नातलगांनी चिक्कू म्हणून हिणवले, तर ठिगळ लावण्यापासून फळांच्या टोपलीला मोहोर करण्यापर्यंत प्रत्येक आरोपाचे तो गंभीरपणे समर्थन करतो. हे पत्र खुद्द जाहिजनेच रचले असावे, अशी शंका घेतली जाते. मलाही ती पटते. पुढे मर्व शहरातला एक माणूस येतो. इराकी मित्राकडे नेहमी पाहुणचार झोडलेला. तो मित्र मर्वला येतो तेव्हा हा ओळखच देत नाही. पाहुणा चेहऱ्यावरचे फडके काढतो, मग पागोटे, मग टोपी. यजमान सांगतो, कातडी सोलून उभा राहिलास तरी ओळखणार नाही. जाहिज यावर एका शब्दाचे भाष्य करत नाही, आणि ते न करण्यातच त्याचे कसब आहे.

या कलेचा कळस मात्र अंध कवी अल्-मअर्रीचा ‘रिसालत अल्-गुफरान’ (1033). अलेप्पोच्या इब्न अल्-कारिह या वृद्ध पंडिताने त्याला पत्र लिहिले, त्यात पाखंड्यांवर तोंडसुख घेतले, आणि मअर्रीसाठी सोपवलेले एक पत्र आपल्याकडून चोरीला गेल्याचेही कळवले. उत्तरात मअर्री या पंडितालाच पात्र करून थेट स्वर्गात पाठवतो. पण तिथे पोचेपर्यंत कयामतीच्या गर्दीत त्याचा पश्चात्तापाचा दाखला हरवतो. स्वर्गाच्या द्वारपालावर तो स्तुतिकाव्ये रचतो, तर द्वारपालाला कविता म्हणजे काय हेच माहीत नाही. शेवटी स्वर्गाकडे नेणारा सिरातचा पूल तो एका दासीच्या पाठुंगळी बसून ओलांडतो. चोरीला गेलेले पत्र आणि हरवलेला दाखला यांचा सांधा मला योगायोगाचा वाटत नाही. आदराची संबोधने कुठेही सुटत नाहीत, म्हणून तर उपरोध इतका खोल जातो.

शब्दांच्या व्युत्पत्तीची लांबलचक विषयांतरे कथेचा वेग मारतात, आणि उत्तरार्धात मूळ पत्राला मुद्देसूद उत्तर देताना गोष्ट जवळपास थांबते, हे मान्य करावे लागते. तरीही ज्याला पत्र लिहायचे त्यालाच कथेत ओढण्याची ही युक्ती इतक्या ताकदीने वापरलेले दुसरे अरबी पत्र माझ्या वाचनात नाही.

मराठीपुरते बोलायचे तर, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या, त्या इंग्रजीवरून. अरबी जाणणाऱ्या मराठी अभ्यासकांनी आता जाहिज आणि मअर्री यांना हात घालावा, आणि तो थेट मूळ अरबीतून.