बुटांना तेल कोणी लावायचे?

चित्रातल्या एका बुटांच्या जोडीबद्दल जगातल्या मोठमोठ्या डोक्यांनी इतके लिहून ठेवले आहे, की त्यात भर घालणाऱ्याने आधी आपली पात्रता सांगावी हे बरे. माझी पात्रता एवढीच, की माझ्याकडे चामड्याचे डोंगरी बूट आहेत आणि पावसाळ्यात ते घालून मी सह्याद्रीत हिंडतो. लोहगड, राजमाची, हरिश्चंद्रगड इथला चिखल मी अगदी जवळून, आणि बऱ्याचदा बसल्या जागेवरून, न्याहाळलेला आहे.

चित्र व्हॅन गॉगचे. १८८६ साली पॅरिसमध्ये काढलेले, सध्या ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात. साधारण अडतीस सेंटिमीटर उंच, पंचेचाळीस रुंद. म्हणजे आपल्याकडे दिवाणखान्यात कॅलेंडर मावते तेवढ्या जागेत मावेल. त्यात काळपट तपकिरी, झिजलेले दोन बूट. नाड्या सुटलेल्या. बस्स, एवढेच.

एवढ्यावर मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९३५-३६ च्या व्याख्यानांत (छापून आली १९५० साली) असे काही भाष्य केले, की वाचताना खरेच अंगावर काटा येतो. त्याच्या मते हे बूट एका शेतकरीण बाईचे. त्यांच्या पोकळीत तिच्या कष्टाच्या पावलांचा थकवा आहे, लांबच लांब सऱ्यांवरचा वारा आहे, चामड्यावर जमिनीची ओल आहे. मग १९६८ साली मेयर शापिरो हा कलेतिहासकार उठला. त्याने पत्र पाठवून विचारले, महाराज, आपण नक्की कुठले चित्र पाहिलेत? उत्तर आले, ॲमस्टरडॅमला, मार्च १९३० च्या प्रदर्शनात. त्यावरून शापिरोने ताडले, की हे बूट कुणा शेतकरणीचे नव्हेत, ते खुद्द चित्रकाराचे. तो तेव्हा शहरवासी होता. पुढे १९७८ साली जॅक देरिदाने दोघांनाही विचारले, की मुळात ही जोडीच आहे हे कशावरून? ही शंका फ्रान्समध्ये फार खोल मानली गेली. आपल्याकडे देवळातून बाहेर आलेल्या कुठल्याही माणसाला ती तत्काळ येते.

बाई की चित्रकार, जोडी की बेजोड. सगळे विचारून झाले. चामड्याची चौकशी मात्र कोणी केली नाही!

आता चामडे म्हणजे काय, तर कातडेच. जनावर जिवंत असते तोवर त्याची स्निग्धता तेच सांभाळते. नंतर ते काम आपल्याकडे येते. वारंवार भिजण्या-वाळण्यात आतले तेल कमी होत जाते, तंतू एकमेकांना धरून बसतात, चामडे राठ होते आणि जिथे पाऊल मुडपते तिथे तडा जातो. ओले बूट चुलीपाशी ठेवणे हा तर त्यांचा अंत्यविधीच. त्यांच्या पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, वारा लागेल अशा सावलीत, दोन-दोन दिवस वाळू द्यावे लागते. (अग्रलेखाचे पान पाणी चांगले शोषते.) थोडी ओल राहिली असतानाच चरबी-तेल-मेणाचे ते डबिन नावाचे मिश्रण बोटांनी चोळायचे, शिवणींवर, जिभेच्या कडांना, तळवा जिथे वरच्या भागाला शिवलेला असतो तिथे जरा जास्त. पाणी शिरते ते तिथूनच. नुसते पॉलिश वरवर चमकते, आत जात नाही. पाहुण्यांसमोर नीट बोलणाऱ्या मुलासारखे. आणि फार तेल पाजले तर बूट इतका लुळा पडतो की घोट्याला आधार उरत नाही. एवढे सगळे करूनही श्रावणात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवलात, की पांढरी बुरशी ठरलेली. घरातली मंडळी मग ‘ते तुमचे प्राणी’ असा उल्लेख करू लागतात.

हे सगळे डोक्यात ठेवून हायडेगर पुन्हा वाचा. तो म्हणतो, बुटांचे खरे मर्म त्यांच्या विश्वासार्हतेत आहे. बाई संध्याकाळी दमून बूट बाजूला काढते, पहाटे पुन्हा पायांत घालते. त्यांचा विचारसुद्धा न करता. माझे भांडण इथे आहे. संध्याकाळ आणि पहाट यांच्यामध्ये एक रात्र असते हो! त्या रात्री कोणीतरी दिव्याशी बसून माती खरवडते, चरबी चोळते, उसवलेला टाका पाहते. विश्वासार्हता ही बुटांत आपोआप उगवत नाही, ती हातांनी रोज घातलेली असते. आणि विचार न करता ते होत नाही. हा तत्त्वज्ञ ब्लॅक फॉरेस्टमधल्या आपल्या डोंगरी झोपडीत राहणारा, बर्फावर स्की करणारा. वंगणाचा वास त्याला ठाऊक नसेल हे मी मानायला तयार नाही. तरी त्याने त्या बाईला थकवा दिला, वारा दिला, मृत्यूची चाहूलसुद्धा दिली. डबिनचा डबा काही दिला नाही.

व्हॅन गॉगबरोबर चित्रकला शिकणाऱ्या फ्रान्स्वा गोझीची एक आठवण आहे. या बुटांच्या संदर्भात ती नेहमी सांगतात. व्हिन्सेंटने जुन्या बाजारातून एक जोडी आणली. जाडजूड, ओबडधोबड, गाडीवानाचे असतात तसे बूट; पण स्वच्छ आणि ताजे पॉलिश केलेले. तसल्या बुटांत त्याला चित्र दिसेना. मग एका पावसाळी दुपारी ते पायांत चढवून तो शहराच्या तटाकडेने फिरून आला. चिखल उडाला, आणि बूट चित्राजोगे झाले.

चित्रकार म्हणून त्याचे बरोबरच होते. निगा राखलेल्या बुटांचे चित्र दुकानाच्या पाटीवर शोभते. दैन्य रंगवायला सोपे, देखभाल रंगवायला अवघड. पण म्हणून ती चित्रात नाहीच असे कोणी समजू नये. डावीकडच्या बुटाकडे बघा. त्याचा घोट्यावरचा भाग बाहेर कलंडून मऊपणे दुमडला आहे. तेल आटलेले चामडे असे दुमडत नाही, तडकते. व्हिन्सेंट पावसात चालून आला, तरी आधीच्या मालकाने चोळलेली चरबी अजून आत आहे.