हिरवळीवर चालू नये

नाटकांची परीक्षणं येतात, सिनेमांची येतात. बंगल्यापुढच्या बागेचं परीक्षण मात्र कुणी लिहीत नाही. म्हणूनच बागा बिघडतात, असं माझं नम्र मत आहे.

आमचे शेजारी नाना. पुण्यातल्या आपल्या जुन्या बंगल्यापुढे त्यांनी तज्ज्ञाकडून नवी बाग आखून घेतली. तज्ज्ञाने सगळं आखलं. फक्त ऊन कुठून येतं ते पाहायचं राहिलं. पश्चिमेचा कडुलिंब ‘दृश्य अडवतो’ म्हणून गेला. दृश्य म्हणजे समोरची पिठाची गिरणी! मोरीच्या पाण्यावर पोसलेली केळ आणि अळू गावंढळ ठरली. त्या जागी हिरवळ आली.

हिरवळ दिसते झकास. पण ही कल्पना विलायतेची. तिथे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो. आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत हजेरी लावून मोकळा होतो. उरलेले ८ महिने नाना नळी धरून उभे!

जुनी बाग कुणी आखली नव्हती, पण तिच्यात कारणाशिवाय काही नव्हतं. कडुलिंब सावलीला, अळू फदफद्याला, पारिजातक नानींच्या पूजेला.

परवा दुपारी चारला पाहतो तो नाना-नानी फाटकाबाहेर खुर्च्या टाकून बसलेले.

“नाना, बागेत नाही का बसलात?”

“सावली इथंच आहे हो, रस्त्यावरच्या झाडाची,” नाना म्हणाले. नानींनी मुकाट्याने आतल्या पाटीकडे बोट दाखवलं: ‘हिरवळीवर चालू नये.’

तेव्हा परीक्षण एवढंच: नेपथ्य उत्तम, पात्रांना प्रवेश नाही.